कंट्रोल, ऑल्ट आणि बाळूचा बी

दादाच्या नव्या कम्प्युटरवर कंट्रोल, ऑल्ट आणि बी ही तीन बटणं एकदम दाबली, तर काय उघडायचं? वहिनीला विचारलं, तिच्या भावाला विचारलं, दुकानात येणाऱ्या पोरांना विचारलं. कुणालाच ठाऊक नाही. का नाही, तो माझा पराक्रम ऐका. चहा आधी संपवा, नंतर नरड्यात अडकायचा.

हर्सूलला दादाचं टायपिंगचं दुकान. मी बाळू, त्याचा धाकटा भाऊ. सातवीत शाळेला रामराम ठोकला आणि पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर झालो. दादानं नवा कम्प्युटर आणला आणि थोड्याच दिवसांत तापानं गेला. की-बोर्डवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं.

दादा माउसला हात लावायचा नाही. तीन बटणं दाबली की टायपिंगचा प्रोग्राम हजर, दुसरी तीन दाबली की हिशेबाचा. माउस सरकवत बसणाऱ्यांना म्हणायचा, "निघाले हे गोठ्यात म्हैस शोधायला."

तो गेल्यावर दुकान वहिनी चालवू लागली. घर दुकानावरच चालायचं. तिला टायपिंग येत होतं, बटणं येत होती. मला काय येत होतं? अक्कल पाजळता येत होती.

एका दुपारी टँकर दुकानासमोर लावला आणि खुर्चीत जाऊन बसलो. स्क्रीनवर चित्रंच चित्रं, प्रत्येकाच्या कोपऱ्यात वाकडा बाण.

"वहिनी, ही जत्रा कशाला भरवली?"

"राहू द्या भावजी. त्यांनी ठेवलीत."

"बटणं हायेत ना? मग चित्रं कशाला? दादाचा कम्प्युटर कसा चकाचक पाहिजे."

सगळी पुसली. वर पुसलेलं जिथं जाऊन पडतं, ती कम्प्युटरमधली कचऱ्याची पेटीही रिकामी केली. अर्धवट काम आपल्याला जमत नाय.

मग वहिनीनं बटणं दाबली. काही नाही. परत दाबली. स्क्रीन कशी चकाचक.

तेवढ्यात समोरच्या नव्या अपार्टमेंटमधले पेन्शनर काका आले. त्या वर्षी हर्सूलचं तळं आटलं होतं, बिल्डिंगा मात्र उगवतच होत्या. काकांना अर्ज टाइप करून हवा होता.

"आमच्या बिल्डिंगचा टँकर आला नाही. ड्रायव्हर बेजबाबदार आहे, हे ठळक अक्षरात घ्या."

त्यांचा टँकर दारात उभा होता. ड्रायव्हर कम्प्युटर साफ करत होता.

"कम्प्युटर बिघडलाय, काका," मी म्हणालो.

"जुना आहे का?"

"नवाय."

"मग चालवणारा बिघडलाय." कागद ठेवून काका गेले. मी टँकर नेऊन त्यांच्या टाकीत ओतला आणि परत आलो. वहिनी तशीच स्क्रीनकडं बघत बसलेली. दादा गेला तेव्हाही ती अशीच बसली होती. दादाचं दुकानच पुसून टाकलं की काय मी?

संध्याकाळी वाळूजच्या कंपनीतून तिचा भाऊ दिलीप आला. डिप्लोमा गळ्यात घालून फिरणारा प्राणी. बसायच्या आधीच हसला.

"प्रोग्राम जागेवरच हायेत, बाळूभाऊ. बटणं त्या चित्रांना बांधलेली होती. तुम्ही दोर कापला आन् बादली वर येईना म्हणून विहिरीला शिव्या घालताय."

"मग बांध की परत."

"कचऱ्याच्या पेटीत असती, तर तशीच परत काढली असती. आता सांगा, कोणत्या अक्षराला काय होतं?"

वहिनी बोलली. "एसला टायपिंग. एस म्हणजे सुनीता, मी. एला हिशेब. ए म्हणजे आई. घरातल्या प्रत्येकाचं एकेक अक्षर ठेवलं होतं त्यांनी."

"आन् बी?"

"तुमचं. मी कधी दाबलं नाही. म्हणायचे, बाळू येईल तेव्हा त्यालाच दाबू दे."

आणि बाळू रोज दारावरून टँकर न्यायचा, हॉर्न वाजवून पुढं जायचा. बसून बोटं हलवणाऱ्यांना तो माणसात धरत नव्हता ना.

दिलीपला खुर्चीतून उठवलं. तो सांगत गेला, मी करत गेलो. चित्र पुन्हा आणायचं, त्यावर माउसचं उजवं बटण, मग प्रॉपर्टीज, मग शॉर्टकट कीच्या चौकटीत अक्षर. एसला टायपिंग बांधलं, एला हिशेब. वहिनीनं लगेच काकांचा अर्ज काढला. 'बेजबाबदार' तिनं चांगलं जाड केलं.

"बीला काय लावायचं?" दिलीपनं विचारलं.

मी कचऱ्याची पेटी लावली.

"हे वो काय, भावजी?"

"असू द्या. पुन्हा कुणी शहाणा दुकानात शिरला, तर आधी माझं अक्षर दाबा," म्हणालो आणि टँकर भरायला गेलो.