जगाच्या गाण्यांना माझे नियम

मी नगरच्या सावेडीतल्या एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे. हा विषय मुलांना आवडत नाही, शिक्षकांनाही आवडत नाही, आणि परीक्षेत त्याला गुण मिळतात ते इतिहासाच्या पदराला बांधून. मला मात्र तो मनापासून आवडायचा. ग्रामपंचायतीची रचना शिकवताना माझा आवाज चढायचा. एवढ्यावरून माझ्या स्वभावाची कल्पना यावी.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. आमच्या भागात नुकताच एक सायबर कॅफे निघाला होता आणि आमच्या मुख्याध्यापिकाबाईंना वाटलं, शाळेतल्या एखाद्या बाईला तरी इंटरनेट यायला हवं. बाकीच्यांनी सासू, मुलं, पाठदुखी अशी कारणं सांगितली. मी हात वर केला. मग रोज शाळा सुटल्यावर यजमान मला स्कूटरवरून कॅफेपाशी सोडायचे आणि मी कॉलेजच्या पोरांच्या रांगेत पदर खोचून बसायचे. फोन लागला तर इंटरनेट लागायचं. बऱ्याचदा फोनच लागायचा नाही.

गाण्यांचा नाद मला माहेरचा. वडील नेवाशाचे, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. त्यांची गायन पार्टी होती. ते स्वतः पेटीवर, एक ढोलकीवाला आणि मागे कोरस धरणारे चौघे-पाचजण. एप्रिलात, जयंतीच्या दिवसांत त्यांना गावोगावची बोलावणी असत. त्यामुळे इंटरनेटवर काय शोधायचं असा प्रश्न आला, तेव्हा मी गाणी शोधली आणि मला एक मंडळ सापडलं.

हे मंडळ म्हणजे जगभरातले गाणीवेडे लोक. एका देशाचा एक माणूस. दर काही महिन्यांनी प्रत्येकाने आपल्या देशातलं एक गाणं कॅसेटवर भरून फिनलंडमधल्या एका नर्सबाईला पोस्टाने पाठवायचं. ती सगळी गाणी एका कॅसेटवर घेऊन सगळ्यांना धाडायची. मग आपण ऐकायचं आणि ई-मेलने गुण द्यायचे. ज्याला जास्त गुण तो पहिला. बक्षीस काही नाही. भारताची जागा रिकामी होती. मी विचारलं, त्यांनी हो म्हटलं, आणि निवडणूक वगैरे न होता मी सबंध देशाची प्रतिनिधी झाले. नागरिकशास्त्राच्या बाईंना यात काही खटकायला हवं होतं. खटकलं नाही.

त्यांचे नियम चारच होते. चांगलं गाणं पाठवा. सगळी गाणी नीट ऐका. स्वतःच्या देशाला गुण देऊ नका. भांडू नका.

पहिल्या वेळी मी एक सिनेमातलं गाणं पाठवलं. पण पोर्तुगालच्या गृहस्थाने कीर्तनाएवढं लांब गाणं पाठवलं होतं, त्यामुळे कॅसेट भरत आली आणि शेवटी माझा नंबर लागला तेव्हा पहिल्याच अंतऱ्यात फीत संपली. भारत अर्ध्या ओळीत तुटला. मी तावातावाने ई-मेल लिहिली, की नियम नसल्याने असंच होणार. नर्सबाईने शांतपणे उत्तर दिलं, "मग तूच लिही ना."

तिला वाटलं असणार, बाई गप्प बसेल. तिने नागरिकशास्त्राचे शिक्षक पाहिले नव्हते.

मी उरलेल्या उत्तरपत्रिकांच्या मागच्या बाजूला मसुदा लिहायला घेतला. कलमं, पोटकलमं, अपवाद, अपवादांचे अपवाद. यजमान जेवताना म्हणाले, "अगं, आमटी गार होतेय."

"कलम सात राहिलंय," मी म्हटलं.

"आमटीला काही कलम असेल तर बघ. गार आमटी वाढणाऱ्यास काय शिक्षा?"

मी हसले नाही, कारण शिक्षेचं कलम खरंच राहून गेलं होतं.

तर माझे नियम असे: गाणं तीन मिनिटांपेक्षा मोठं नको. गाण्यात फक्त गाणंच असावं, भाषण, घोषणा, सूचना चालणार नाहीत. शब्दांचं इंग्रजी भाषांतर संपूर्ण द्यावं, एकही ओळ गाळू नये. नियम मोडणारं गाणं बाद. आणि तक्रार आल्यास नियमप्रमुखाचा निर्णय अंतिम राहील. नियमप्रमुख कोण हे लिहिताना मी लाजून दोन वेळा पेन खाली ठेवलं आणि मग स्वतःचंच नाव लिहिलं. मंडळाने ते सगळं मान्य केलं. आता वाटतं, त्यांनी ते वाचलं नसावं.

पुढच्या फेरीच्या आधी नर्सबाईने मला लिहिलं, "सिनेमातली गाणी आम्हाला इकडेही मिळतात. तुझ्या गावचं काहीतरी पाठव." मी लगेच नेवाशाची बस धरली. पिशवीत टू-इन-वन टेपरेकॉर्डर आणि कोरी कॅसेट.

दादांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजी परदेशात आपलं गानं ऐकनार?"

"हो दादा. पण तीन मिनिटांतच हवं."

"तीन मिनिटांत?" दादा ढोलकीवाल्याकडे बघून म्हणाले, "तीन मिनिटांत तर आमचा खोकला बी हुत न्हाई. कुणी केला हा नियम?"

"आहे एक बाई," मी म्हटलं.

मी निवडलेलं गाणं दादांनी स्वतः रचलेलं होतं. आई लेकीला शाळेत धाडते, "पाटी घे गं लेकी, पुढं हो गं लेकी," असं. घरात भिंतीपाशी बसून त्यांनी ते गायलं, मी घड्याळ धरलं. बरोबर तीन मिनिटांच्या आत झालं आणि अगदी मेलेलं झालं. दादाच म्हणाले, "भिंतीला काय गानं म्हनायचं? मानसं पायजेत समोर." त्या संध्याकाळी शेजारच्या गावात त्यांचा कार्यक्रम होता. मी टू-इन-वन घेऊन स्टेजच्या कोपऱ्यात बसले.

गाणं रंगलं. दिवेलागणीची वेळ, समोर ताडपत्रीवर बायका, पोरं, मागे उभे पुरुष. दादांचा आवाज असा लागला होता, की मी घड्याळाकडे बघायचं विसरले. आणि मधल्या कडव्याला एक टेम्पो मांडवाच्या कडेला येऊन थेट बायकांपुढे उभा राहिला. बायका ओरडायला लागल्या. दुसरा कुणी असता तर थांबला असता. दादांनी ताल सोडला नाही, सूर सोडला नाही, त्याच चालीत गायलं:

"टेम्पोवाल्या भावा, टेम्पो घे रं बाजूला,
माय माझी मागं बसली, दिसंना तिला!"

कोरसवाल्यांनी तीच ओळ उचलली. लोकांनी टाळ्यांवर धरली. टेम्पो हलला. गाणं पुढे गेलं आणि माझ्या नशिबाने तीन मिनिटांच्या काठावर संपलं.

दुसऱ्या दिवशी दादा पार्टीबरोबर दौऱ्यावर निघाले. माझ्याकडे पाठवायला तेवढीच एक जिवंत कॅसेट होती. आणि भाषांतर संपूर्ण द्यायचं, एकही ओळ गाळायची नाही, असा नियम होता. मी शब्दकोश घेऊन बसले. लेकीचं, पाटीचं, शाळेचं इंग्रजीत झालं. मग मी लिहिलं, "हे टेम्पो चालवणाऱ्या बंधू, आपले वाहन कृपया बाजूला घ्यावे." कृपया हा शब्द माझ्या पदरचा होता. नगरच्या हेड पोस्टात पाकीट टाकताना माझे कान गरम झाले होते.

कॅसेट सगळीकडे पोचल्यावर ई-मेली सुरू झाल्या. पाटीबद्दल कुणी विचारलं नाही. सगळे टेम्पोबद्दल विचारत होते. तो बंधू म्हणजे कोण? ते वाहन म्हणजे मृत्यू का? आयर्लंडच्या एका मुलीने तर लिहिलं, की आईला दिसावं म्हणून जगाला बाजूला व्हायला सांगणारी इतकी सुंदर ओळ तिने ऐकली नव्हती. मी काही दिवस तिला सत्य सांगितलं नाही. नंतर सांगितलं. तिला ती जास्तच आवडली.

आणि मग माल्टाहून तक्रार आली. तिथले एक निवृत्त संगीतशिक्षक होते, स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी देणारे. त्यांनी लिहिलं, की भारताच्या गाण्यात वाहतुकीची सूचना आहे, आणि सूचना चालणार नाहीत असं नियमात स्पष्ट आहे. नियमप्रमुखांनी निर्णय द्यावा.

नियमप्रमुख कपाळाला हात लावून बसल्या. सूचना गायली तर ती सूचना राहते का? मी यजमानांना विचारलं. ते म्हणाले, "टेम्पो हलला ना? मग सूचनाच." हे मला पटलं, आणि पटल्याचा राग आला.

मी निर्णय लिहिला. तो इतका लांब होता, की कॅफेत टाइप करताना दोनदा लाइन गेली. त्यात मी न्यायाचं तत्त्व मांडलं, स्वतःच्या देशालाही सूट नाही असं बाणेदारपणे लिहिलं, आणि स्वतःच्या वडिलांचं गाणं बाद केलं. पाठवून झाल्यावर मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. घरी येईपर्यंत ते उतरलं आणि रडू यायला लागलं. दादांना काय सांगायचं?

पुढच्या आठवड्यात उत्तर आलं. नर्सबाईने सगळ्यांची मतं घेतली होती. निर्णय कुणालाच मान्य नव्हता. "आणि आम्ही ठरवलंय, की पुन्हा जुनेच चार नियम. गाणं फार लांब नसावं एवढं तुझं एक ठेवतो, कारण पोर्तुगालला ते हवंच." खाली माल्टाच्या गुरुजींची ओळ होती: "मी तक्रार केली, कारण तुमचे नियम खरेच चालतात का ते पाहायचे होते. माझे दहा गुण मात्र भारताला."

आमचं गाणं चौथं आलं. मी कॅसेट घेऊन नेवाशाला गेले.

"जगात चौथे आलात दादा!"

"बरं. मग पयले तीन कोन? ऐकव."

मी लावली. दादा मांडी घालून, डोळे मिटून सगळे देश ऐकत राहिले. एका बाईचं गाणं ऐकून म्हणाले, "लई रडतीय, पन सुरात रडतीय." एका पोराला म्हणाले, "घाई हाय ह्याला." मग आइसलँडचं गाणं आलं. तिथल्या एका पोस्टमनने गळ्यात अडकवलेली पेटी वाजवत स्वतःच गायलेलं. दादांनी डोळे उघडले. "पुन्हा लाव." मी लावलं. "आनखी एकदा."

पुढच्या एप्रिलात दादांच्या कार्यक्रमाला गेले, तर नव्या गाण्याची चाल ओळखीची वाटली. शब्द विहिरीच्या पाण्याबद्दलचे, चाल थेट आइसलँडची. ढोलकीवर ती छान बसली होती आणि लोक ठेका धरत होते. कार्यक्रम झाल्यावर मी म्हटलं, "दादा, ही त्या पोस्टमनची चाल आहे."

"मग? त्यानं काय सातबारा काढलाय तिच्यावर?"

तरी मी ते गाणं भरून पोस्टमनला पाठवलं, भीतभीत. त्याचं उत्तर आलं. तो आणि त्याची आई स्वयंपाकघरात बसून पुन्हा पुन्हा ऐकत होते. ती चाल त्याच्या आजोबांची होती, त्याने लिहिलं. त्यांचा समुद्रावर गेलेला भाऊ परत आला नाही, तेव्हा त्यांनी बांधलेली. तिच्यावर कुणी टाळ्या धरू शकेल असं त्याच्या आईला कधी वाटलं नव्हतं. तिला ते आवडलं होतं.

मी दादांना हे वाचून दाखवलं. त्यांनी पेटी पुढे ओढली आणि विहिरीच्या गाण्याचं दुसरं कडवं वाजवून पाहिलं. "तरी म्हनलं," ते म्हणाले, "दुसऱ्या कडव्याला ढोलकी का खटकतीय." पुढच्या गावाला मी त्यांच्याबरोबर गेले. तिथे त्यांनी ढोलकीवाल्याला हाताने खूण करून थांबवलं, आणि ते कडवं एकट्याने, सावकाश गायलं.