सरांचं नमुनेदार रक्त

आमच्या मेडिकल कॉलेजात रक्ताचे कर्करोग दोघं शिकवत. वर्गात विभागप्रमुख सर आणि लॅबमध्ये टेक्निशियन ताई. सरांच्या तासाला झोप उत्तम लागे, ताईंच्या हाताखाली विषय समजे. कागदोपत्री शिक्षक अर्थातच एकटे सर.

ताई एकतीस वर्षं काचपट्टीवर रक्ताचा थेंब ओढत होत्या. "आधी घरची माणसं ओळखा, मग आगंतुक आपोआप दिसतो," असं म्हणून त्या आम्हाला पंधरा दिवस निरोगी रक्तच बघायला लावत.

त्या वर्षी निरोगी नमुना म्हणून सरांनी उदार मनाने स्वतःचं बोट पुढं केलं. "साठीतलं रक्त कसं असावं, बघून घ्या!"

ताईंनी काचपट्टी रंगवली आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. मग आम्हाला बाहेर पिटाळलं. दार लावायचं तेवढं राहिलं.

"सर, पांढऱ्या पेशींत लिम्फोसाइट फार आहेत. फुटलेल्या पेशीही दिसतायत."

"तुम्ही काच जोरात ओढलीत, म्हणून फुटल्या."

दुसरी काचपट्टीही तशीच निघाली. तिसरी सरांनी स्वहस्ते केली, भिंतीला गिलावा करावा तशी. तिच्यात काहीच दिसेना, म्हणून सरांना ती फार पसंत पडली.

"बघा, काही नाही!"

"काहीच नाही, सर. आता मोजणीला रक्त देताय, की वहिनींना फोन लावू?"

सरांनी निमूट बाही वर केली.

पुढच्या तपासण्यांत निदान पक्कं झालं: संथ चालीचा, उतारवयातला ल्युकेमिया. हाच धडा सर वीस वर्षं शिकवत आले होते. उपचार सध्या नकोत, दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं.

तीन दिवस सर खोलीबाहेर पडले नाहीत. चौथ्या दिवशी येऊन स्टुलावर टेकले.

"ताई, 'फक्त लक्ष ठेवावे' हे मी एका ओळीत उरकायचो हो."

"मुलंही तेवढंच लिहितात. पूर्ण मार्क देता तुम्ही."

सर हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. ताईंनी मायक्रोस्कोप त्यांच्याकडे सरकवला. "शंभर पेशी मोजा. घाई नको."

बासष्टवर सरांचा चष्मा धूसर झाला. उरलेल्या अडतीस ताईंनी मोजल्या.

याला सहा वर्षं झाली. औषध अजून लागलेलं नाही. निवृत्त सर दर तीन महिन्यांनी येतात आणि सुई जोरात टोचली म्हणून साऱ्या लॅबला ऐकू जाईल अशी तक्रार करतात.