मामीने न पाहिलेली रत्नागिरी

रत्नागिरीत काय बघावं, हे माझ्या मामीला विचारावं. राजवाड्यात सकाळीच जा, मग गर्दी होते. किल्ल्याच्या पायऱ्या डाव्या अंगाने चढा, तिकडे सावली असते. वर वारा फार, टोप्या सांभाळा. सांगणं इतकं नेमकं, की बाई रोज संध्याकाळी तिकडेच फिरायला जात असावी असं वाटे. प्रत्यक्षात यातलं एकही ठिकाण तिने पाहिलेलं नव्हतं. देवरुखाकडून लग्न होऊन ती माळनाक्याजवळच्या घरात आली, त्याला चाळीस वर्षं उलटून गेली होती. समुद्रसुद्धा तिला भेटायचा तो गणपती बोळवायला मांडवीला गेल्यावर. बाकीचं गाव तिने पाहुण्यांच्या तोंडून ऐकून पाठ केलं होतं.

"मामी, तू पण चल की," असं कुणी तोंडदेखलं म्हटलं, की उत्तर ठरलेलं असे. "मी हितलीच. मला काय बघायचंय?" आम्हाला हे उत्तर फार सोयीचं होतं. मे महिन्यात आम्ही पुण्याहून जाऊन तिच्याकडे चार दिवस पाहुणचार झोडायचो. ती पहाटे उठून घावनं करायची, डबे भरायची आणि आम्ही उन्हातून परतलो की पाय धुवायला ऊन पाणी तयार ठेवायची. मग एकेकाला समोर बसवून काय काय पाहिलं ते खोदून खोदून विचारायची. तिला फिरायची आवडच नाही, हे आम्ही आपसात ठरवून टाकलं होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं.

मामा बोटीवर होते. सहा-सहा महिने घरी नसत. ते सांगायचे, बोट रत्नागिरीसमोरून जायची तेव्हा किल्ल्याजवळच्या दीपगृहाचा दिवा दिसायचा, आणि त्याच्या मागे कुठेतरी आपलं घर, असं म्हणून ते हात जोडायचे. मामा गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पण ही गोष्ट मामी अजून सांगायची आणि शेवटी म्हणायची, "खरंच दिसत असेल काय रे तिकडनं घर?"

दोन वर्षांपूर्वी माझ्या बायकोने तिला तयार केलं. "मामी, या वेळी तुम्ही नाही तर आम्हीही नाही." मामीने पेटीतली मोरपंखी साडी काढली, डबा मात्र केलाच. आणि मी शहाण्याने जाहीर केलं, की जुनं गाव पायी बघण्यात मजा असते, रिक्षा करायची नाही. इंग्रजांनी परदेशातून आणून नजरकैदेत ठेवलेल्या राजाच्या त्या राजवाड्यात मामी खोल्याखोल्यांतून हरखून फिरली. "एवढा मोठा राजा, पण शेवटी परमुलखात मेला हो," म्हणून हळहळली. तिथून किल्ल्याची वाट लांबची. तिचा गुडघा दुखतो, हे मला माहीत होतं. तरी वाटेत मी दोनदा म्हणालो, "मामी, पाय उचल, ऊन चढतंय." हे शब्द आजही आठवले की मला माझी लाज वाटते.

पायऱ्यांपाशी ती खालीच टेकली. "तुम्ही जाऊन या. मी बसत्ये हितं." मी रिक्षाने घरी सोडतो म्हणालो, तर नको म्हणाली. मग हळूच मला जवळ बोलावलं. "वाईच एक काम कर. वरनं आपलं घर दिसतं काय, तेवढं बघून ये."

अर्ध्या तासाचं सांगून आम्ही दीड तास वर होतो. मुलांचे फोटो, बायकोचे फोटो, त्यात ऑफिसचा एक फोन. तिचं काम मला आठवलं ते खाली उतरल्यावर, तिचा चेहरा पाहून. ती त्याच पायरीवर बसली होती, डबा मांडीवर तसाच.

"दिसलं?"

"दिसलं की," मी म्हणालो.

"कौलं?"

"कौलंसुद्धा."

तिने डोळे पुसले, आणि पदर सावरून म्हणाली, "चला, पोरांना भूक लागली असेल."

त्याच श्रावणात मामी गेली. दोन दिवसांचा ताप, बस्. बाराव्याला शेजारच्या काकू माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "तू तिला किल्ला दाखवलास, फार पुण्य लागलं तुला. साऱ्या गल्लीला सांगत होती. भाच्याने हात धरून वर नेलं, वरनं आमची कौलं दिसली, मागचा फणससुद्धा दिसला. खरंच दिसतो काय रे फणस?"

मी मान डोलावली. दुसरं काय करणार होतो?

त्यानंतर दोनदा रत्नागिरीला गेलो. किल्ल्यावर जायचा धीर झाला नाही. तिथून घर दिसत नसेल, तर मामीने गल्लीला सांगितलेलं खोटं ठरेल. आणि खोटं तर मी बोललो होतो.