पाकिटावरचा बैल

दाळ मिलमध्ये तुरीपेक्षा किस्से जास्त साठतात. तूर निदान ट्रकमधून निघून जाते, किस्से इथंच मुक्काम ठोकतात!

परदेशात शिकून मी लातूरला परत आले ते एकच खूळ घेऊन. आपण खातो ती दाळ कोणाच्या शेतातली, हे खाणाऱ्याला कळलंच पाहिजे! पाकिटावर शेतकऱ्याचा मोबाइल नंबर आणि एक कोड. कोड स्कॅन केला की त्याचं नाव, गाव, फोटो. मिलचे मालक सलीमशेठ म्हणाले, "बेटा, महिनाभर करून बघ. पण एक जरी पाकीट लावारिस निघालं, त्याचा शेतकरी सापडला नाही, तर तुझे स्टिकर बंद!"

*

"एकाची तूर दुसऱ्याच्या तुरीत मिसळायची नाही," असं मी हमालांना तासभर समजावलं. त्यांच्यातल्या सगळ्यात जुन्या रहीमचाचांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "ताई, तुरीला सांगितलं का?"

*

देवणीचे माधवकाका फोटोला उभेच राहीनात.

"माझं थोबाड बघून कोण दाळ घेतंय? बैलाचा काढ!"

शेवटी तडजोड झाली. बैल मधोमध, काका कडेला अर्धे.

*

निलंग्याच्या एका आजोबांनी बारा पोत्यांवर बारा नावं लिहून आणली. शेत एकच!

"आजोबा, हे सगळे कोण?"

"नातवंडं. पुण्याचे लोक नाव वाचतेत म्हणलीस न्हवं?"

*

पुण्याच्या एका बाईंनी माधवकाकांना फोन लावला. दाळ शिजत नाही म्हणे.

काका म्हणाले, "मग मी येऊ का शिजवायला?"

*

महिन्याचा शेवटचा दिवस. माधवकाका पाकीट नाचवत मिलमध्ये घुसले. सगळी तूर आम्हाला विकून बसले होते, तेवढ्यात घरी पाहुणे आले. म्हणून दुकानातून आमचंच पाकीट नेलं, आणि दाळीत खडा निघाला.

"पाव्हण्याची दाढ हलली! ह्या नंबरला सकाळपासून लावायलोय, सारखा बिझी! असल्या माणसाचा माल घेताच कशाला?"

सलीमशेठनी माझ्याकडं पाहिलं. "लावारिस?"

मी काकांच्या हातातलं पाकीट घेतलं. घाईघाईनं कोड स्कॅन केला. स्क्रीन पाहिली आणि मोबाइल काकांपुढं धरला.

काकांनी चष्मा चढवला.

"बैल तर वळखीचा हाय," ते म्हणाले. मग जरा थांबून, "खडा तसा बारीकच होता."