झोपलेली रोपं

थोरल्या सुनेच्या जिभेला हाड नव्हतं आणि धाकट्या दिराच्या डोळ्यांत लाज नव्हती. दोघांमध्ये विस्तव जात नसे, पण रोपवाटिका एकच. नवरा गेल्यापासून थोरलीच ती रेटत होती. दीर म्हणजे कामाला गायब, हक्काला हजर.

रोजच्या कटकटीला सासूबाई विटल्या. नवीन विकत आणलेली, उघड्या मुळांची, काटक्यांसारखी झोपलेली रोपं त्यांनी थोरलीपुढे टाकली.

"ही जागी केलीस तर वाटिका तुझी, नाहीतर त्याची. आता माझं डोकं खाऊ नका."

थोरलीने मुळं भिजवली, ओल्या गोणपाटात गुंडाळली आणि रोपं उबेच्या खोलीत भिंतीला टेकवली. पुढे करायचं काय, तर गप्प बसायचं. तेवढंच तिला जन्मात जमलं नव्हतं. साल नखाने जराशी खरवडली की जिवंत रोप आत हिरवं दिसतं. हे एकदा बघावं आणि सोडून द्यावं. थोरली रोज एकेक रोप बघायची, गोणपाटाच्या जरा वर, चहाच्याही आधी. हिरवं दिसलं की दिराला टोमणे मारायला दिवसभराचं बळ यायचं.

काटक्यांवरचे डोळे फुगले, पानं फुटली.

"बघा भाऊजी, नीट बघा!"

"तोडलेल्या फांदीलाही फुटतात पानं, वहिनी."

मेल्याची जीभच काळी. आठवडाभरात पानांनी माना टाकल्या. सासूबाई बघायला आल्या तेव्हा थोरलीने एक रोप उचलून उजेडाकडे फिरवलं. भिंतीकडच्या बाजूलाही साल नव्हती. पुढे तिच्या नखाचे ओरखडे, मागे चाकूचे. दोन्ही मिळून खोडाभोवती पुरतं कडं झालं होतं, आणि साल अशी गोल गेली की त्याच्या वरचं रोप जगत नाही. प्रत्येक रोपाला तसंच.

"चाकू कोणी लावला?" ती किंचाळली.

"मी. मेली का ते बघत होतो," दीर म्हणाला. "आणि तुम्ही?"

थोरलीने हात पदराआड घेतला.

एका रोपाला कड्याच्या खाली बारीक कोंब आला होता. तो दिसताच दोघांचेही हात एकदम पुढे गेले.

"खबरदार!" सासूबाई ओरडल्या. "हात मागे घ्या. आणि तू, वाटिकेची किल्ली दे इकडे."

नवऱ्यामागे कधी न सोडलेली कमरेची किल्ली थोरलीने सोडली. ती देताना तिला आपलं नख दिसलं. आत हिरवी साल अजून अडकलेली होती.