परकराची दुमड

सोलापूर. १९३८, पौषातला रविवार. गड्ड्याची जत्रा संपली आहे, उद्या शाळा उघडणार आणि मी नातीच्या परकराची दुमड उसवत बसले आहे.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवापुढंही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण आज जेवताना आमच्या वसूनं, माझ्या मुलानं, एक शब्द उच्चारला – आणि तो शब्द मीच या घरात आणलेला आहे.

आम्ही शिंपी. वाढत्या पोरीचा परकर शिवताना खालचं कापड आत दुमडून ठेवायचं, आणि पोर वाढेल तशी ती दुमड सोडत जायची, ही आमची रीत. सगळी दुमड सुटली, परकर पोटऱ्यांवर चढला, की बायका म्हणायच्या, आता लुगडं. कधी, ते मी सांगायचे. आमच्या गल्लीत पोरीचं वय आई सांगत नसे, शिंपीण सांगायची.

आणि शब्द तरी किती असतात हो पोरींसाठी? आधी छकुली. मग परकरी. मग अंगानं सुटली, हाडापेरानं मोठी, थोराड, आणि त्याच्यापुढं घोडी. एकेका शब्दासरशी पोर घराच्या एकेक खोलीनं आत जाते. पोराला मात्र आवाज फुटला, मिसरूड फुटलं तरी तो पोरच. आईचं पोर.

वसू शाळकरी होता तेव्हा शेजारी गंगू होती. आई नसलेली, आत्यानं – नीलव्वानं – वाढवलेली. वसूच्याच वयाची, त्याच्याहून दोन महिन्यांनी लहानच. पण उंच. पाण्याची घागर कमरेवर घेऊन पावकी-निमकीचे पाढे मोठ्यानं म्हणत यायची, आणि एखाद्या आकड्याशी अडली तर दारातच थांबायची, आठवेपर्यंत. घागर निथळत असली तरी.

एकदा ती परकर घेऊन आली. "काकू, दुमड सोडा की, लई आखूड झालाय." मी कात्री आणायला आत गेले. बाहेर आले तेव्हा वसूनं तिची वेणी मुठीला गुंडाळून तिला भिंतीशी धरलं होतं. ती सोड म्हणत होती, हा हसत होता. मी पाहिलं. एक हाक पुरली असती – मारली नाही. का नाही मारली? पोरंच ती, असं वाटलं, दोघंही. तोवर दोघंही. मग ती त्याच्या मनगटाला कडकडून चावली आणि पळाली. परकर माझ्या मशीनवरच राहिला.

संध्याकाळी नीलव्वा आली. भांडायला नाही, विचारायला. "पोरगी म्हन्ती, वसूनं येणी धरली. गल्ली म्हन्ती, हिनंच पोराला चावलं. तुमी हिता होता की. काय झालं, तुमी सांगा."

आता हे नीट सांगते. वसू आत हळद लावून बसला होता. दारात दोन बायका कान देऊन उभ्या होत्या. खरं बोलले असते तर काय झालं असतं? वसूला बापाचा मार बसला असता, गल्ली चार दिवस बोलली असती. एवढंच. एवढंसुद्धा मला नको होतं.

मी म्हणाले, "वसू अजून पोर आहे हो. तुमची गंगू आता पोर राहिली नाही. थोराड झाली. दुमडसुद्धा संपली तिची. लुगडं नेसवा आणि घरात ठेवा."

दुमड संपली नव्हती. चार बोटं चांगली शिल्लक होती. नीलव्वा गेल्यावर मी मशीनपाशी बसले, ती चार बोटं कात्रीनं कापली, काठ शिवला आणि परकर तिच्या घरी पाठवला. म्हणजे कुणी बघितलं तरी माझा शब्द खरा ठरावा. रागाच्या भरात माणूस बोलून जातं म्हणतात. कात्री काही भरात चालत नाही. तिला सरळ धरावं लागतं.

दुसऱ्या दिवसापासून गंगूची शाळा बंद झाली. उन्हाळ्यात जेऊरला दिली – पहिली बायको वारलेल्या माणसाला. थोराड पोरीला आणखी कोण मिळणार, असं गल्ली म्हणाली. शिंपिणीनंच सांगितलं होतं ना.

पुढं एका पंचमीला ती माहेरी आली होती, कडेवर मूल. माझ्या दाराशी थांबली. आत आली नाही. "काकू," म्हणाली, "त्या परकराला दुमड होती की. मीच मोजली होती."

मी म्हणाले, आठवत नाही बाई.

तेही खोटंच.

आज वसू जेवता जेवता म्हणाला, "आई, शेवंती थोराड झाली. लुगडं बघा आता, शाळा पुरे." शेवंती त्याची थोरली. भाकरी वाढत होती, तिचा हात तसाच राहिला. जेवण झाल्यावर मी त्याला बाजूला घेतलं आणि गंगूची वेणी आठवते का, विचारलं. आठवत होती. म्हणाला, "पोरपणातलं ते, आई." त्याचं पोरपण. मीच जपून ठेवलेलं. मी त्याला सांगितलं, शेवंतीची शाळा बंद होणार नाही. मोडायची असेल तर आधी माझं मशीन मोड. मग दुमड उसवायला बसले. ती शेवटची होती, खरोखरच. तरी परकर आखूडच. घरात लाल खणाचा तुकडा होता, त्याची पट्टी खाली जोडली. असं गंगूलाही जोडता आलं असतं. कुठल्याही परकराला जोडता येतं.

पुढचं नंतर सांगते आहे. सोमवारी सकाळी शेवंतीला मी स्वतः शाळेत पोचवलं. निळ्या परकराला लाल पट्टी, लांबूनही दिसत होती. तिथून नीलव्वाच्या दाराशी गेले. ती भाकरी थापत होती. उंबऱ्याबाहेर उभं राहून मी सगळं सांगितलं – वेणी, दुमड, कात्री. तव्यावरची भाकरी करपली, तिनं उलटली नाही. बस म्हणाली नाही. करपलेली भाकरी खाली काढून म्हणाली, "हे मला कशाला सांगतीस? जेऊरला गाडी जाती की."

मी तशीच स्टेशनवर गेले. वाटेत खणाचं दुकान लागलं, फळवाल्या बसल्या होत्या. सासुरवाशिणीकडं कुणी ओटीशिवाय जात नाही. मी काहीच घेतलं नाही. काही नेलं असतं, तर ते बदल्यात माफी मागणं झालं असतं.