गंगाचा डावा हात

डिचोलीतल्या एका खाणीच्या कचेरीत गंगाने एकोणीस वर्षं टायपिंग केलं. खाण बंद पडली तशी नोकरी गेली. पुढे बावन्नाव्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात कामातून गेला. आता सगळं डाव्या हाताने करायचं तर त्याच्या बोटांना व्यायाम हवा, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा तिने माळ्यावरच्या गेमच्या जुन्या यंत्राची चौकशी केली. मोटारींच्या शर्यतीत एके काळी ती घरातल्या सगळ्यांना हरवायची. यंत्र गंजून गेलं होतं, डिस्क मात्र शाबूत होती.

धाकटा भाऊ देवेश बाजारात संगणक दुरुस्त करायचा. त्याने तिच्या लॅपटॉपवर एम्युलेटर टाकून दिला. त्या यंत्राचं सोंग घेणारा प्रोग्राम. खेळ सुरू झाला, पण कंट्रोलर दोन हातांचाच. एका हाताची सोय फक्त डेव्हलपमेंट बिल्डमध्ये, म्हणजे अजून तपासून न झालेल्या कच्च्या आवृत्तीत होती.

"आक्का, ती घालू नको. कधी काय मोडेल सांगता येत नाही."

"मोडला तर मोडांदे," गंगा म्हणाली आणि डाव्या हाताने स्वतःच बिल्ड उतरवून घेतली.

आठवड्यातच आलेल्या पुढच्या बिल्डने जुनीवर बसून साठवलेला सगळा खेळ पुसून टाकला. देवेश म्हणाला, "सांगितलं नव्हतं?" त्या दिवसापासून गंगाचं प्रत्येक बिल्डला तारखेचं वेगळं फोल्डर, आणि आधी साठवलेल्या खेळाची नक्कल.

मार्चमध्ये नवीच अडचण आली. डावीकडे वळताना बटण दाबलेलंच राही आणि गाडी भिंतीवर आदळे. जानेवारीतली बिल्ड नीट चाले. मग तिने मधली, फेब्रुवारीतली घातली. चालली. मग ती आणि मार्चची यांच्या मधली. अडली. असं करत दोन दिवसांत नऊ बिल्ड घालून-काढून तिने बिघाड नेमका कुठल्या बिल्डपासून सुरू झाला ते शोधलं आणि कचेरीतल्या इंग्रजीत प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या वेबसाइटवर, सगळ्यांना दिसणाऱ्या तक्रारींच्या पानावर कळवलं. एका हाताने ती तक्रार टाइप करत असताना देवेश दारात उभा होता.

"कोण वाचणार आहे ते?"

"मी लिहिणार आहे. तू जेवायला बस."

उत्तर आलं, पण भलत्याचंच. कुणा अनोळखी माणसाने खाली लिहिलं होतं, डेव्हलपमेंट बिल्ड तुमच्यासारख्यांसाठी नसतात, पक्की आवृत्ती वापरा. गंगाचे कान तापले. तिने लिहिलं, "पक्क्या आवृत्तीला दोन हात लागतात. माझे दोन्ही चालत असते तर मी इथे आलेच नसते. बिघाडाबद्दल काही सांगायचं असेल तर सांगा."

तो माणूस पुन्हा फिरकला नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्यांपैकी एकीने मात्र प्रोग्रामने आपोआप केलेल्या नोंदींची, म्हणजे लॉगची फाइल मागवली, गंगाने पाठवली आणि चौथ्या दिवशी दुरुस्तीची बिल्ड आली. ती घालून गंगा शर्यतीला बसली. डावीकडचं वळण गाडीने सुरेख घेतलं. नंबर आला सहावा.

"आता चालतंय ना? मग हीच ठेव, आक्का. पुढची घालू नको."

"पुढच्यात ब्रेकचं बटण सुधारलंय म्हणे," गंगा म्हणाली. तिने नवं फोल्डर केलं आणि त्याला आजची तारीख दिली.